पडद्यावरची माझी चाल

सातवीत शाळा सुटली आणि सूर्यमाळहून मी पुण्यात फिजिओथेरपीच्या कॉलेजात झाडलोट करायला आले. तिथं शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा डोक्यावर भरला हंडा देऊन मला कॅमेऱ्यासमोर चालवलं. तीच चाल आता कॉलेजच्या मुलांच्या कंप्युटरवर हाडांचा सांगाडा चालतो. गुडघ्यावर क्लिक केलं की भार तांबडा दिसतो.

गावी आईचा गुडघा सुजलेला. भीतभीत विचारलं, "मॅडम, यात उपाय पण सांगतात का हो?"

त्यांनी लगेच उघडून दाखवलं: ओझं कमी करा, उतार टाळा. आमची विहीर डोंगराखाली, पाणी आणणारी आई एकटी. तरी मी मॅडमचे आभार मानले. माझ्यासाठी एवढा वेळ कोण देतं?

फोनवर आईनं विचारलं, "काय निघालं गं?"

"तेल चोळ म्हणाल्या."

"ते तर रोजच चोळते," आई म्हणाली.