भिंतीपासून लांब

नातीच्या दहावीच्या परीक्षेला मी वसईत शाळेबाहेर बसायचे. पेपर सुरू होईपर्यंत आम्ही सगळ्या भिंतीच्या सावलीत, आणि एक बाई एकटीच मैदानाच्या मधोमध, उन्हात पुस्तक घेऊन. चाळिशीची, पण परीक्षेलाच आलेली. डहाणूकडचं घर भूकंपात पडलं म्हणून इकडे राहायला आलेली. दहावी झाली तर अंगणवाडीत लागणार होती. "अगं, सावलीत ये, डोकं तापेल," म्हटलं की नुसती हसायची. मला वाटायचं, काय हट्टी बाई!

भूगोलाच्या दिवशी ती अर्ध्या तासात धावत फाटकाबाहेर आली. हातात पेन तसंच.

"काय गं, कठीण होता?"

"नाय आजी. भूकंपाचे परिनामच आलेले. लिहीत होते, तर मागच्या पोरीनं पाय हलवला नि बाक हादरला. कधी पळाले, मलाच कळलं नाय."

"मग जा की परत!"

"आता नाय घेत आत."

"पुढच्या वर्षी दे गं."

"बाक तेव्हापन हलनारच ना?" मग म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय आजी, भूकंप काही सेकंदांचा असतो."

ती निघाली. रस्त्याच्या अगदी मधून, दोन्हीकडच्या भिंती टाळत. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, ती काही बाजूला होईना.