गुऱ्हाळातली पहिली उपासना

साक्ष द्यायची वेळ आली की मी चष्मा पुसत बसते. आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी लोक एकेक करून उभे राहतात आणि सांगतात, प्रभूने मला आजारातून उठवलं, प्रभूने मुलाला नोकरी दिली. ऐकणाऱ्यांचे चेहरे उजळतात. माझी साक्ष तशी नाही. तिच्यात ज्याने प्रार्थना केली तो माणूसच वाचत नाही. म्हणून मी ती चारचौघांत कधी सांगितली नाही. आज लिहिते आहे, कारण लिहिताना मध्येच थांबता येतं.

यांच्या निवृत्तीनंतर आम्ही विश्रांतवाडीची भाड्याची जागा सोडून मांजरीला स्वतःच्या घरात राहायला आलो. सातवा मजला, गॅलरीतून खाली उरलासुरला ऊस दिसायचा. घर छान होतं, पण आमचं शहरातलं जुनं चर्च फार लांब पडलं. रविवारी हडपसरच्या गर्दीतून वाट काढत पोचेपर्यंत उपदेश अर्ध्यावर आलेला असायचा. आजूबाजूच्या नव्या इमारतींत आमच्यासारखी आणखी मराठी ख्रिस्ती कुटुंबं होती. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांनी तर जाणंच सोडलं होतं. यांच्या मनाने घेतलं की इथेच नवं चर्च सुरू करायचं. मी म्हटलं, "अहो, निवृत्त झालात ना? मग जरा निवृत्त व्हा की." ते नुसते हसले. हसले म्हणजे ठरलं, हे मला लग्नापासून ठाऊक होतं.

सुरुवात आमच्याच दिवाणखान्यात झाली. दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थना, मग चहा आणि मग वाद. खुर्च्या घ्यायच्या की जाजमावर बसायचं, उपासना मराठीत करायची की इंग्रजीत. आयटीतली मुलं इंग्रजीचा आग्रह धरायची. यांनी एकदाच सांगितलं, "देवाला दोन्ही येतात. आपल्या म्हाताऱ्यांना एकच येते." विषय संपला. दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा, त्यावरून एक दिवस लिफ्टशेजारी पाटी लागली, "दर बुधवारी लग्न असणाऱ्यांनी कार्यालय बघावे." पाटी वाचून यांना इतकं हसू आलं की त्यांनी ती सगळ्यांना नेऊन दाखवली. "बरोबर आहे त्यांचं. आपल्याला जागा बघायलाच हवी," म्हणाले.

जागा सापडली ती एका बंद गुऱ्हाळाची. आमच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, उसाच्या कडेला. मालकांना सगळे तात्या म्हणत. आमच्या इमारती ज्या शेतावर उभ्या आहेत, ते एके काळी त्यांच्याच भावकीचं. यांनी जागा विचारली तेव्हा तात्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "देवाचंच काम हाय न्हवं? मग वापरा की." आम्ही सगळ्यांनी मिळून ती शेड झाडली. गूळ शिजवायची अवाढव्य काहील कोपऱ्यात पालथी घातली, भिंतींवरची काजळी खरवडली, चुना लावला. गोडसर जळका वास मात्र गेला नाही. यांनी पहिल्या उपासनेसाठी स्वतः एक गीत रचलं होतं, टाळ्यांचं, ढोलकीवर उड्या मारत जाणारं. सरोज नावाची आमच्यातलीच एक बाई बँकेतून सुटली की येऊन हार्मोनियमवर त्याची तालीम घ्यायची. कित्येक महिने त्या शेडमध्ये तेवढं एकच गाणं घुमत होतं. पहिली उपासना ईस्टरनंतरच्या रविवारी करायची ठरली. जुन्या चर्चने एक तरुण पाळकही आमच्यासाठी नेमून दिला.

आणि मग तात्या एक दिवस वर आले. बसले, पाणीही प्यायले नाहीत. त्यांच्या पुतण्याला त्या जागेत हॉटेल काढायचं होतं, गुऱ्हाळाचा देखावा तसाच ठेवून, चुलीवरचं जेवण वगैरे. शनिवार-रविवारी शहरातले लोक गाड्या घेऊन येतील म्हणे. "घरात रोजची किटकिट चाललीय, सायेब. माझं वय झालं आता. तुमी दुसरीकडं बघा." मान खाली घालून उतरले. शेडला कुलूप लागलं.

मी चिडले, रडलेसुद्धा. हे शांत होते. म्हणाले, "दार देवाचं आहे. किल्ली त्याच्याकडेच आहे."

"किल्ली तात्यांच्या कमरेला आहे, अहो," मी म्हटलं. "आत्ताच बघितली मी."

त्यांना त्याचंही हसू आलं. पण त्या आठवड्यात ते फिरायला गेले की पाय त्या कुलपाकडेच वळायचे. मी गॅलरीतून बघायची. दारासमोर टोपी काढून उभे राहायचे आणि परत यायचे. देव ऐकत नसेल का, असं माझ्या मनात यायचं. त्यांच्या मनात येत होतं की नाही, ते मी विचारलं नाही. पुढे विचारायला वेळच उरला नाही.

ईस्टरनंतरच्या त्या शुक्रवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले. कप खाली पडला एवढाच आवाज. मी स्वयंपाकघरातून म्हटलंही, "फोडलात ना?"

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. डॉक्टर आले, लोक जमले. आमच्याकडे माणूस गेला की शवपेटीभोवती बसून गीतं म्हणायची, वचन वाचायचं, शेवटचं तोंड पाहायचं आणि मग दफनभूमीकडे निघायचं, अशी रीत. पण शवपेटी लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्याच्या वळणावर फिरेना. शेवटी पेटी खालीच ठेवून यांना चादरीतून सात मजले उतरवलं. खाली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी बाळाच्या वाढदिवसाची तयारी चालली होती, फुगे बांधले होते. सोसायटीचे सेक्रेटरी जवळ आले, अगदी ओशाळून म्हणाले, "काकू, आपण जरा लवकर..." त्यांचंही काय चुकलं? आमच्या जुन्या चर्चमध्ये त्या दिवशी लग्न होतं. मग आम्ही फाटकाबाहेर गेलो आणि रस्त्याच्या कडेला दोन स्टुलांवर पेटी ठेवली. ऊन नुसतं भाजत होतं. ज्या माणसाने सगळ्यांसाठी जागा शोधली, त्याला टेकायला जागा नव्हती. त्या क्षणी माझ्या मनात देवाविषयी जे आलं, ते मी लिहिणार नाही. त्याला ते माहीत आहे.

तात्या शेताकडून येत होते. त्यांनी दुचाकी थांबवली, टोपी काढली. "कोन गेलं?" त्यांनी विचारलं. कुणीतरी सांगितलं. ते पेटीपर्यंत आले, आत बघितलं. मग कमरेची किल्ली सोडली.

"उन्हात ठिवू नका त्यास्नी. आत आना."

मांजरीच्या जुन्या घरांतून परक्याचं मयत कुणी आपल्या जागेत घेत नाही, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, "तात्या, नको. घरचे काय म्हणतील?"

"म्हनू द्या. जित्या मानसाला न्हाई म्हनलो, आता मेलेल्याला बी म्हनू व्हय?"

शेडचं दार उघडलं. तोच गोडसर वास आला. चुना लावलेल्या भिंतीसमोर, जिथे वेदीचं टेबल मांडायचं ठरलं होतं, तिथेच नेमकी पेटी ठेवली गेली. दुसरीकडे काहील होती. आम्ही जमिनीवर बसलो. तरुण पाळकांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, "आपण गीत गाऊ या." कुठलं, ते सांगायचं त्यांना सुचलं नाही. सरोजसमोर हार्मोनियम होती, समोर तीच भिंत, बाजूला तीच माणसं. तिच्या बोटांनी त्या शेडमध्ये दुसरं काही कधी वाजवलंच नव्हतं. टाळ्यांचं गाणं सुरू झालं. ढोलकीवाल्याचा हातही आपसूक पडला.

मला संताप आला. नवरा समोर निजलाय आणि हे काय चाललंय? सरोजला चूक कळली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण तोवर सगळ्यांच्या तोंडून पहिलं कडवं निघालं होतं आणि आता कुणालाच थांबता येईना. लोक रडत होते आणि टाळ्या वाजवत होते. तात्या दाराशी उभे होते, टोपी छातीशी धरून. दुसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आलं की आमच्या चर्चची पहिली उपासना सुरू झाली आहे. त्यांनी ठरवलेल्या जागी, त्यांनीच रचलेल्या गाण्याने. आपण सगळे आलो आहोत आणि तेही आले आहेत. मग माझ्याही हातांनी टाळी वाजवली.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. जिथे मयत ठेवलं तिथे जेवायला कोण येणार, असं पुतण्याच म्हणाला आणि त्याने हॉटेलचा नाद सोडला. पंधरा दिवसांनी तात्या वर आले आणि या वेळी पाणी प्यायले. किल्ली माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "आता ती सायबांचीच जागा हाय." याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. किल्ली तात्यांच्याच कमरेला होती, हे माझं म्हणणं खरं. ती तिथे कुणी ठेवली होती, हे यांचं.

आता दर रविवारी कुलूप मी उघडते. म्हातारी माणसं चालत येतात, उपदेश पहिल्या शब्दापासून ऐकतात. ते गाणं आम्ही उपासना सुरू करताना म्हणतो, आणि आमच्यातलं कुणी गेलं की तेव्हाही म्हणतो, मुद्दाम. नवीन आलेल्यांना नवल वाटतं. मी प्रभूचे आभार मानते, मनापासून मानते. पण किल्ली फिरवताना त्याला हेही सांगते की तू मला विचारलं असतंस, तर हे सगळं तुला परत देऊन मी त्यांनाच मागून घेतलं असतं. इतकी वर्षं सांगते आहे, तो रागावलेला नाही. मी काय म्हणेन हे त्याला ठाऊक होतं, बहुधा म्हणूनच त्याने मला विचारलं नाही. मग मी चपला बाहेर काढते, आत जाते आणि त्यांना जिथे ठेवलं होतं त्याच्या शेजारी जाजमावर बसते.