फूटपट्टीचे गुलाबी आकडे

ऑफिसात आमच्या लेकीला सगळे फूटपट्टी म्हणतात. तिला त्याचं काहीच वाटत नाही, फोन उचलतानाही "फूटपट्टी बोलतेय" म्हणते. राग येतो तो मला.

ती संगणकावर नकाशे काढणाऱ्यांच्या ऑफिसात आहे. भिंती, दारं दुसरे काढतात. त्यावर मापं घालायची ही. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ आणि तिच्यावर आकडा. ही एवढीशी रेघ नटवण्यात तिचा जीव अडकलेला. टोकाला बाण नको, छोटा तिरका काप हवा. आकडा रेघेवर बसलेला हवा, तिच्यात घुसलेला नको. "आणि आई, रेघेनं भिंतीपासून जरा लांब उभं राहावं. चिकटली की तीही भिंतच वाटते." लग्नाचा विषय काढला तर इतकं मन लावून बोलत नाही.

"तुझ्यावरच गेलीये," तिचे बाबा म्हणतात. मी फक्त डबे उंचीप्रमाणे लावते. यात काय एवढं?

तर, नोकरी तात्पुरती होती. साहेब तिला कायम करणार की नारळ देणार, हे या आठवड्यात ठरायचं होतं. आणि नेमकी तेव्हाच हिला नवी कल्पना सुचली. संगणक भिंत मोजतो आणि आकडा स्वतः लिहितो. पण कुणी तो पुसून हातानं दुसरा लिहू शकतं. भिंत तेवढीच राहते, आकडा मात्र फुगतो. हिनं अशी सोय केली की हातानं लिहिलेला आकडा आपोआप गुलाबी व्हावा.

"साहेबांना विचारलंस?"

"मापं माझ्याकडे असतात ना."

"आणि साहेबांनीच आकडा बदलला तर?"

"ते कशाला बदलतील?"

माणसं आकडे कशाला बदलतात, हे या मुलीला मी कधी शिकवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्या नव्या दवाखान्याचा नकाशा बघायला आल्या. त्यांना एका खोलीत पेशंटच्या दोन खुर्च्या हव्या होत्या. साहेबांनी सकाळी घाईघाईत खोली रुंद करून टाकली होती. कशी, ते कागद टेबलावर पसरल्यावर दिसलं. सगळा नकाशा काळा आणि तेवढी एक खोली गुलाबी.

"हे आकडे असे का?" बाईंनी विचारलं.

साहेब खाकरले. लेकीकडे पाहिलं. एखादीनं सांगितलं असतं, प्रिंटर बिघडलाय. ही म्हणाली, "बाई, हे आकडे भिंतींना अजून कळलेले नाहीत."

"म्हणजे दुसरी खुर्ची बसणार नाही?"

"कागदावर बसते. खोलीत बसवली, तर डॉक्टरांना बाहेर उभं राहावं लागेल."

बाई हसायला लागल्या. "बरं झालं बाई. आज संध्याकाळी खुर्च्या मागवणार होते मी. आता एकच मागवते." जाताना साहेबांना म्हणाल्या, "तुमच्याकडे चूक आधीच रंगवून दाखवतात, हे आवडलं मला. वरच्या मजल्याचं कामही तुम्हीच करा."

मग साहेबांनी हिला केबिनमध्ये बोलावलं. बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसले.

"सोमवारपासून तू कायम," ते म्हणाले. "ते गुलाबी सगळ्यांच्या नकाशांना लाव."

"तुमच्यासुद्धा?"

"माझ्या आकड्यांचा रंग राखाडी कर. अगदी फिकट."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा बाबांनी टाळी दिली, मीही डोळे पुसले. जेवताना सहज विचारलं, "मग केलास का राखाडी?"

"केला ना. साहेबांनी सांगितलं म्हटल्यावर करायलाच हवा."

"शहाणी ग माझी."

"फक्त दिसत नव्हता, म्हणून आकार दुप्पट केला."

बाप-लेक केव्हाच झोपलेत. ती कायम झाली, हे खरं. सोमवारी साहेब नकाशा उघडतील, हेही खरं.