पाटावरचं अक्षर

पेणमध्ये लपून राहणं अशक्य आहे, हे मी अनुभवाने सांगतो. समुद्रापलीकडच्या एका बंदरात मी पाच वर्षं दुसऱ्याच नावाने राहिलो, तिथे शेजाऱ्याने मला कधी गाव विचारलं नाही. पेणला परत आलो आणि बाजारात वाल घ्यायला थांबलो, तर विकणाऱ्या बाईने वजन करता करताच विचारलं, "कुनाचा रं तू? धरमतरकडचा ना? मिठागरवाल्यांचा दिसतोस." मी वाल तिथेच टाकून पळालो. दुसऱ्या दिवशी ती मला स्टँडवर दिसली आणि तिने पिशवी हातात दिली, वर म्हणाली, "इसारलास काल." माझ्यासारख्या माणसाचं यापेक्षा मोठं हसं होऊ शकत नाही.

मी हेर होतो. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली आणि लिहिल्यावर ते खोटं वाटतं, त्याला मी काय करणार!

त्याआधी मी धरमतरच्या धक्क्यावर नोकरीला होतो. कोणती बार्ज कधी लागली, किती कोळसा उतरला, याची टिपणं ठेवायचो. माझं अक्षर बारीक आणि डोकं थंड. तिथेच साहेब भेटला. मी त्याला साहेबच म्हणायचो, खरं नाव विचारायचं नसतं. त्याने मला दीड वर्ष घासलं आणि त्या बंदरात पाठवलं. कोणतं जहाज आलं, रात्रीत कोणता माल गुपचूप हलला, ते लिहून कळवायचं, एवढंच माझं काम. घरी सांगितलं, आखातात नोकरी लागली. आई खूश. तिने गावभर पेढे वाटले.

अडचणीत आलो तर एकच निरोप पाठवायचा, असं ठरलं होतं. "आईचे गुडघे दुखतात, कधी येऊ?" तो मिळाला की साहेब मला दोन दिवसांत तिथून बाहेर काढणार. त्याने तसा शब्द दिला होता, आणि मी मूर्ख, शब्दावर गेलो.

पाळत लागल्याचं लक्षात आल्यावर मी तो निरोप तीनदा पाठवला. उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी पोलीस आले ते सरळ माझ्या मोरीत गेले आणि त्यांनी सैल फरशी उचलली. त्या फरशीखाली कागद असतात हे जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि साहेबाला. चौकशी करणारा अधिकारी गप्पिष्ट होता. त्याने सांगितलं, "तुमचा एक मोठा माणूस आमच्या ताब्यात होता. त्याला सोडवायला त्यांनी तुला दिलं." मी विश्वास ठेवला नाही, तेव्हा त्याने माझ्या खोलीच्या नकाशाची प्रत समोर ठेवली. त्यावरच्या खुणा साहेबाच्या हाताने लिहिलेल्या होत्या. साहेबाची एक खोड होती. तो आधी सगळी ओळ लिहायचा आणि मग शिरोरेघ एका दमात उजवीकडून डावीकडे ओढायचा, त्यामुळे डाव्या टोकाला एक बारीक शेपूट राहायचं. ते शेपूट मी तिथे पाहिलं. नंतर माझ्याविषयी इकडे विचारणा झाली, तिचं उत्तरही त्या अधिकाऱ्याने वाचून दाखवलं. एकच ओळ होती. "या माणसाला आम्ही ओळखत नाही."

ती ओळ आमच्या धंद्यात लिहावीच लागते, तिचा मला राग नाही. राग त्या नकाशाचा आहे.

सात वर्षांनी सुटलो तेही चुकून. मासेमारी करताना हद्द ओलांडलेल्या खलाशांची एक तुकडी सोडली, त्यात मला ढकललं. स्टेशनावर एका पुढाऱ्याने माझ्या गळ्यात हार घातला आणि विचारलं, "जाळी किती गेली?" मी म्हणालो, सगळी गेली.

तोवर आई गेली होती. मी आत गेल्यावर कुणी तरी घरी येऊन सांगून गेलं होतं की तुमचा मुलगा सोन्याच्या चोरट्या धंद्यात सापडला. पेढे वाटलेल्या गावात ती कशी जगली असेल, याचा विचार मी करत नाही. राहिली एक बहीण, रोह्याजवळ दिलेली. घरची भातशेती, भात निघालं की वाल. मी तिला सगळं खरं सांगितलं. ती पडवीतच उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आई गेली रे तुझ्यापायी. आता तरी खोटं बोलू नको." तिने तांब्यात पाणी आणून दिलं, पण आत ये म्हणाली नाही. आमच्याकडे भाऊबीजेला बहीण माजघरात पाट मांडते, भावाला त्यावर बसवून ओवाळते. मी दर भाऊबीजेला जातो. दर वेळी तांब्या येतो, पाट मांडला जात नाही. जेलची सातही वर्षं मी पुन्हा काढीन, तिने एकदा पाट मांडावा. पण माझं खरं आहे हे सांगणारा जगात एकच माणूस होता, आणि तो साहेब.

पेणला मी गणपतीच्या कारखान्यात लागलो. मालकिणीला सगळे वहिनी म्हणतात. नवरा गेल्यावर तिने एकटीने कारखाना चालवला. तिने पहिल्या दिवशी मूर्ती घासायचा कागद माझ्या हातात दिला आणि महिन्याभरात माझा हात बघून डोळे रेखायला बसवलं. याला आखणी म्हणतात, आणि ती प्रत्येकाला देत नाहीत. "कुठं शिकलास?" तिने विचारलं. बारीक लिहायची सवय आहे, म्हणालो. तिने पुढे काही विचारलं नाही. पेणमध्ये न विचारणारी मला भेटलेली ती एकटीच.

जुन्या सवयी जाता जात नाहीत. भिंतीला पाठ लावूनच बसतो. दुधाला रोज वेगळ्या रस्त्याने जातो. एकदा एक मोटारसायकल तीन वळणं माझ्या मागे आली, म्हणून मी एका बोळात दबा धरून बसलो. तो गॅस सिलिंडरवाला निघाला. वहिनी आठवडाभर हसत होती.

आता पाटाचं सांगतो. आमच्याकडे गणपती पाटावरच आणायचा, आणि पाट घरचाच लागतो. श्रावणात लोक आपापले पाट कारखान्यात आणून देतात. शेकडो पाटांत अदलाबदल होऊ नये म्हणून खालच्या बाजूला ऑइलपेंटने नाव आणि गाव लिहिलेलं असतं. त्या वर्षी मी पाट लावत होतो आणि एक उलटा केला. रोह्याजवळच्या एका वाडीचा पत्ता. नाव माझ्या ओळखीचं नव्हतं. अक्षर होतं. शिरोरेघ उजवीकडून ओढलेली, डावीकडे शेपूट.

मी पत्ता दोनदा वाचून पाठ केला आणि पाट बाकीच्या पाटांखाली सरकवला.

या माणसाने आयुष्यात स्वतःच्या नावाने विजेचं बिल घेतलं नसेल. पण गणपती बसवायचा म्हटल्यावर इकडच्या कुठल्याही माणसासारखं त्याने पाटाखाली नाव, गाव, सगळं लिहून दिलं. त्यातही कुणा पेंटरकडून लिहून घेतलं असतं तर वाचला असता. पण दुसऱ्याच्या हातावर विश्वास ठेवायची त्याला सवय नव्हती. हुशार माणसाचा घात असा घरच्या पाटावर होतो.

मी रोह्याला फेऱ्या सुरू केल्या. तोच होता. केस पांढरे, चाल तीच. कुंडलिकेच्या काठी आंब्याची कलमं लावून बायकोबरोबर सुखाने राहत होता. सकाळी नदीकाठाने एकटा फिरायचा. कोलाडकडून धरणाचं पाणी सोडलं की नदी कशी अंगावर येते, हे मी तीन रविवार बघून ठेवलं. एक धक्का पुरला असता. तो धक्का मी मनात इतक्यांदा दिला की पेणला परत येताना एसटीत माझे खांदे दुखायचे. पण मेलेला माणूस शांत झोपतो. मला त्याला जागं ठेवायचं होतं.

मूर्ती बिघडवावी असंही मनात आलं. डोळा किंचित तिरपा काढला की घरात ती नजर दिवसरात्र टोचत राहते. पण खाली नाव वहिनीच्या कारखान्याचं होतं, आणि देवाने माझं काही बिघडवलं नव्हतं. त्या मूर्तीचे डोळे मी त्या वर्षातले सगळ्यात चांगले रेखले. मग पाट घेतला आणि वरच्या बाजूला, जिथे मूर्ती बसते बरोबर तिथे, ऑइलपेंटने माझ्या बारीक अक्षरात लिहिलं, "आईचे गुडघे दुखतात, कधी येऊ?" रंग वाळल्यावर मूर्ती त्यावर ठेवली.

साहेब न्यायला आला तेव्हा मी माळ्यावर गेलो. वहिनीने मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला. गाडीत बसेपर्यंत त्याने ती स्वतः धरली होती. मी फळीच्या फटीतून बघत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. इतकं मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

गौरीबरोबर त्याचा गणपती जायचा होता. मी दुपारीच रोह्याला जाऊन पुलावर जागा धरली. मूर्ती पाण्यात जाणार, पाट रिकामा वर येणार, आणि साहेब वाचणार. ते तोंड मला बघायचं होतं. त्यासाठीच मी जेलमधला भात गिळला होता. पोरांनी मूर्ती पाण्यात नेली, पाट वर आला, आणि एकाने नदीतली ओंजळभर वाळू त्यावर ठेवली. विसर्जनानंतर पाट रिकामा न्यायचा नसतो, वाळू ठेवूनच घरी न्यायचा असतो! एवढी वर्षं बाहेर काढून मी ही साधी रीत विसरलो होतो. माझी सगळी ओळ वाळूखाली गेली. साहेब तो पाट छातीशी धरून, शांतपणे, बायकोशी बोलत घरी गेला. मी पुलावर उभा राहून स्वतःला आईवरून शिव्या दिल्या.

तीन दिवसांनी तो कारखान्यात आला.

मूर्ती घरोघर गेल्या की कारखाना ओकाबोका होतो. मी आणि वहिनी दोघंच होतो, साचे धूत होतो. तो रिक्षातून उतरला. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. डोळे लाल. ते बघून मला जेवल्यासारखं वाटलं. काखेत पाट होता.

तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तूच," तो म्हणाला. "माझी खात्री होती, तू गेलास."

मी साचा धूत राहिलो.

"घरी वाळू काढली तेव्हा वाचलं. तीन रात्री डोळा लागलेला नाही. दार वाजलं तरी दचकतो. तुझ्याबद्दल सगळी चौकशी केली मी. आईचं कळलं. वरून हुकूम होता रे. पण नकाशा मी काढला, ते मी नाकारत नाही. आता मला लपवायचं काही उरलं नाही. मी लिहून देतो, तू कोण होतास, काय केलंस, सगळं. बाहेर रिक्षा उभी आहे. आत्ता माझ्याबरोबर रोह्याला चल. तुझ्या बहिणीला मी स्वतःच्या तोंडाने सांगतो. तिच्यासमोर हात जोडतो."

मला तिचं माजघर दिसलं. मी ते इतक्या वर्षांत फक्त दारातून पाहिलंय. कोपऱ्यात उभा करून ठेवलेला तिचा पाट दिसला. माझे हात ओले होते, ते मी पुसले. उठायला पाय जवळ घेतले. हेही सांगतो, कारण हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

वहिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काय रं," तिने विचारलं, "वलखीचे हायत का हे तुझ्या?"

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होता. उत्तराची वाट बघताना माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. तीन निरोप पाठवून मी त्या खोलीत असाच दिसत असणार.

"नाय वहिनी," मी म्हणालो. "या माणसाला आम्ही ओळखत नाही."

त्याने ती ओळ ओळखली. पाट तिथेच जमिनीवर ठेवून तो रिक्षापर्यंत गेला, आणि रिक्षावाल्याला त्याला हात देऊन आत बसवावं लागलं. रिक्षा वळून दिसेनाशी झाली. मग माझ्या लक्षात आलं की माझा एकुलता एक साक्षीदार तिच्यात बसून गेला. तरी मला बरं वाटलं. आजही वाटतं. कुणाला ते ऐकून वाईट वाटलं तर वाटो.

नंतर महिन्याभरातच तो वारल्याचं रोह्याच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं.

त्या वर्षी भाऊबीजेला मी रोह्याला गेलो नाही. सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. कारखान्यातच भात आणि वालाचं बिरडं केलं, साहेबाचा पाट मांडला, आणि त्यावर बसून एकटाच जेवलो.