अण्णांचा स्वेटर

राणी कुत्रीला शिकवताना, तिला तळ्यात सोडायच्या आधी अण्णा स्वतःच्या अंगातला स्वेटर काढून ठेवत. जानेवारीची सकाळ, सर्जापूर रोडपलीकडच्या तळ्यावर धुकं, आणि हा साठीचा माणूस नुसत्या बनियनवर! "ती कोरडी होईपर्यंत घालायचा नाही. म्हणजे तिच्या गारठ्याचा विसर पडत नाही," म्हणत. मला ते शुद्ध नाटक वाटे.

आमच्या प्राणिमित्र गटाची पत्रकं मी लिहायची. शिकारीवर कधीच बंदी आली, मग पाण्यातून वस्तू उचलून आणणारी लॅब्रॅडॉर कुत्री हवीत कुणाला? "स्पर्धेसाठी, अक्का," अण्णा म्हणत. राणीचा मालक जीपवाला मळेवाला. त्याची स्पर्धा बदकांशीच असणार, याची मला खात्री होती.

पुरावा गोळा करायला गेले, त्या दिवशी पाचव्यांदा लाकडी ठोकळा घेऊन राणी बाहेर आली ती थरथरत. मी धावत जाऊन माझी शाल तिच्यावर टाकली. अण्णांनी ती हिसकून काढली.

"लाज नाही वाटत?" मी ओरडले.

"ओल्या अंगावर पांघरूण? गारठा आत कोंडतेस की गं! स्वल्प थांब. आधी पुसायचं."

धुऊन मऊ केलेल्या पोत्यांनी त्यांनी तिचं पोट, काखा, कान खसाखसा चोळले. तिला काठाने पळवलं. मग जीपच्या बॉनेटवर गरम होत ठेवलेला, पोत्याचाच शिवलेला कोट तिला चढवला. सगळ्यात शेवटी स्वतः स्वेटर घातला. "पाच फेऱ्या जास्त झाल्या. चुकलंच माझं," तिलाच म्हणाले.

पण 'थंड पाण्यातला छळ थांबवा' हे पत्रक मी पुराव्याची वाट न बघता आदल्या दिवशीच वाटून मोकळी झाले होते. अण्णांच्या नावासकट. बोभाटा नको म्हणून मालकाने आठवड्यात राणीला बोम्मसंद्र्याकडच्या दुसऱ्या माणसाकडे शिकायला दिलं.

मी चामराजपेटेत अण्णांच्या घरी माफी मागायला गेले. त्यांनी पोती आणि कोट पुढे केला.

"माफी राहू दे. तो नवा तिला ओलीच बांधून ठेवतो म्हणे. दारोदार हिंडायची सवय आहे ना तुला? सरी, ठीक, हे पोचव."

अण्णा आता नाहीत. बदकांचा माझा संशय मात्र अजून गेलेला नाही.

तेव्हा पोती घेऊन गेले, तर त्या नव्या माणसाने मला फाटकातच अडवलं. "कोण? पत्रकवाल्या ना तुम्ही?" त्याच्यामागे राणी निथळत, दातखीळ बसल्यागत उभी होती. मी फाटकातून आत शिरले. आधी माझा स्वेटर काढला, मग पोतं उचललं.