आमचं झालंय

ताईचं पत्र आलं तेव्हा बाबा कामावर होते, म्हणजे सडकेवर. ते मैलकुली होते. हसनाबादच्या रस्त्याचा एक मैल त्यांच्या ताब्यात होता. त्यातले खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांच्या बुंध्यांना चुना लावायचा. मी पत्र घेऊन पळत सुटले आणि धापा टाकत त्यांना भर उन्हात वाचून दाखवलं. मी चौथीत होते आणि माझ्याएवढं छान कुणालाच वाचता येत नाही, अशी माझी खात्री होती. ती अजून गेलेली नाही.

ताई तीन महिन्यांपासून जालन्याला मिशनच्या दवाखान्यात होती. आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. नर्सचं शिकायचं तर तीन वर्षं तिथंच राहायचं, पण नाव पक्कं करायच्या आधी मेट्रनबाईंना आईवडिलांचा शब्द हवा होता. आधीच्या दोन मुलींना घरच्यांनी लग्नासाठी मधेच उचलून नेलं होतं, म्हणून बाई तापल्या होत्या. ताईनं लिहिलं होतं, रविवारी बाप्टिस्टांच्या मोठ्या चर्चमध्ये कार्यक्रम आहे, बाई तिथंच भेटतील, सगळे या. मला तिथं काम आहे.

बाबांचा शब्द तयार होता. घोडं अडलं ते मायपाशी. राजूरहून ताईला मागणी आली होती, मुलाच्या काकाचं स्टँडवर सायकलींचं दुकान होतं, आणि रविवारी कळवते असं माय त्यांना सांगून बसली होती. त्यात शेजारच्या काकूंनी काडी टाकली. म्हणाल्या, त्या चर्चमध्ये जमिनीत हौद आहे आणि त्यात माणसाला डोक्यासकट बुडवून किरिस्ताव करतात.

"पोरीला बुडवायचं नुसतं नाव काढू दे," माय म्हणाली, "त्याच पावली तिला घिऊन परत येईन. मंग बसा म्हणावं वाट बघत."

"बराबर," बाबा म्हणाले. मायशी वाद घालायचा नसला की ते 'बराबर' म्हणत.

मला मात्र हौदाचं ऐकल्यापासून काही सुचेना. इमारतीच्या आत हौद! गावात आम्हाला विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कुणी वरून ओतलं की घागर भरायची. डोक्यासकट पाण्यात जायला मिळत असेल तर मी एका पायावर तयार होते. हे मी मायला बोलून दाखवलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

कपड्यांबद्दल मात्र घरात दुमत नव्हतं. कार्यक्रम म्हटला की पांढरं. मायबाबांनी छप्पन साली धम्म घेतला तो पांढऱ्या कपड्यांत, आणि तेव्हापासून लग्न असो, नामकरण असो, आमच्याकडं पांढरंच चालायचं. मायचं लुगडं, बाबांचा सदरा-पायजमा, माझा फ्रॉक, सगळं निळीतून निघालं. मायनं तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. आम्ही तिघं दारात उभे राहिलो तेव्हा मला वाटलं, आता सगळ्या जालन्यानं बघतच राहावं.

रविवारी नेमकी चतुर्थी निघाली. गाडीत राजूरच्या गणपतीला निघालेल्यांची ही गर्दी. माय सारखी ओरडत होती, "ओ भाऊ, तुमचा शेंदूर सांभाळा, आमाला कार्यक्रमाला जायाचंय!" बाबांनी मला खिडकीशी उभं केलं आणि त्यांचा मैल आला तशी त्यांची छाती फुगली. "हा माझा तुकडा. एक खड्डा सापडला तर सांग." कंडक्टर म्हणाला, पुढं चला, पोतंभर सापडतील. राजूरला गाडी थांबताच मुलाचे काका हातातला पाना तसाच घेऊन खिडकीशी आले. "वहिनी, येताना सांगायचं बरं का!" माय नुसती हसली. ते हसणं बाबांना आवडलं नाही.

जालन्याच्या त्या चर्चएवढी मोठी इमारत मी त्याआधी आतून पाहिली नव्हती. तहसील पाहिली होती, ती बाहेरून. उंच खिडक्या, बाकांच्या रांगाच रांगा, शेकडो माणसं, पेटी आणि तबला, आणि वर छत इतकं लांब, की बघता बघता मी एका बाईच्या पायावर पाय दिला. दारात कोट घातलेले एक गृहस्थ यादी घेऊन उभे होते. त्यांनी आम्हा तिघांना आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"या, या! तुमचीच वाट बघून राह्यलो. चला पुढं."

त्यांनी आम्हाला सगळ्यांत पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. लेकीनं इथं चांगलंच नाव काढलेलं दिसतंय, असं बाबा हळूच म्हणाले. त्या बाकावर आधीच पाचसहा जण बसले होते आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत. मायला ते फार आवडलं. "माणसं रीतीची हायेत," ती म्हणाली. मी मागं वळून पाहिलं. मागं हिरवी, लाल, जांभळी लुगडी, चौकड्यांचे सदरे. पांढरा फक्त आमचा बाक. काहीतरी चुकतंय असं मला वाटलं, पण पहिली रांग आपणहून सोडणं माझ्या स्वभावात नाही.

गाणं झालं. चार माणसांनी पुढच्या चौथऱ्यावरच्या फळ्या उचलल्या आणि खाली पाणी! काठोकाठ भरलेलं, स्वच्छ. त्याचा उजेड थेट छतावर हलत होता. मी बाकावर उभी राहिले. मायनं माझा फ्रॉक मागून धरला. हौदाच्या पलीकडं ताई पंच्यांची चळत मांडीवर घेऊन बसली होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. ती हातानं बाजूला व्हा, बाजूला व्हा असं करू लागली. मला वाटलं, ती ओळख दाखवतेय. मीही हात हलवला. बाबांनीही हलवला.

चर्चचे पाळकसाहेब पायऱ्यांवरून कमरेइतक्या पाण्यात उतरले. यादीवाल्यांनी खूण केली, बाक उठला, म्हणून आम्हीही उठलो. आम्ही कडेला होतो, तेव्हा पहिला नंबर आमचाच. पाळकसाहेबांनी बाबांकडं हात केला. "या भाऊ, घाबरू नका."

तेव्हा कुठं मायच्या डोक्यात प्रकाश पडला, की हा पांढरा बाक बुडवायच्या माणसांचा आहे. तिनं दाराकडं पाहिलं, मग ताईकडं. ताई उभी राहिली होती, पंचे छातीशी घट्ट धरून. आता माय तरातरा जाऊन तिचा हात धरणार आणि संपलं सगळं, हे तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं, पण जीभ आवरली नाही.

"आधी मी!" मी ओरडले.

बाबांनी मला मागं ढकललं आणि हात जोडले. "साहेब, आमचं झालंय."

"झालंय? कुठल्या चर्चमध्ये?"

"चर्चमधी न्हाई. मैदानात. छप्पन साली." बाबांची मान ताठ होती. "आमी बौद्ध हाओत. पोरीला भेटाया आल्तो. पांढरं आमच्यात बी घालत्यात."

 पाळकसाहेबांनी आमच्याकडं पाहिलं, बाकाकडं पाहिलं, आणि असे हसले की हौदातलं पाणी काठावरून सांडलं. मग पाण्यातूनच त्यांनी बाबांना हात जोडले. "म्हणजे पक्कं झालंय. बसा भाऊ, पाहुणे म्हणून बसा. त्या छोटीला तेवढं धरून ठेवा." अख्खं चर्च हसलं. मला तर आपणच कार्यक्रम केल्यासारखं वाटलं.

माय मात्र बसली नाही. तिचं अजून ठरत नव्हतं.

पहिली एक म्हातारी बाई उतरली. पाण्यातून वर आली ती थरथर कापत, आणि पायरीवर तिचा पाय घसरला. ताई केव्हा दोन पायऱ्या खाली गेली ते कळलंच नाही. तिनं म्हातारीला काखेत धरून वर घेतलं, पंच्यात गुंडाळलं आणि तळपाय चोळायला बसली. "श्वास घ्या, आजी. सावकाश. मी आहे." कंगव्यावरून माझ्याशी भांडणारी ती ही नव्हेच. म्हातारीनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं, सोडायला तयार नव्हती. मला एकदम ताईचा अभिमान वाटला आणि मग थोडं रडू आलं.

माय हौदाला वळसा घालून गेली आणि ताईशेजारी बसली. "पाय राहू दे, आधी टाळू पूस," असं म्हणत तिनं म्हातारीचं डोकं आपल्या पदरानं खसाखसा पुसलं. मग पुढच्याचं. मग त्याच्या पुढच्याचं. कार्यक्रम संपेपर्यंत पाण्यात न उतरता माय चिंब झाली होती.

मेट्रनबाई उंच होत्या, कमरेला किल्ल्या. त्यांनी बाबांना विचारलं, "लग्नासाठी मधेच नेणार नाही ना? शब्द द्या."

बाबांनी मायकडं पाहिलं. तोंडात आलेलं 'बराबर' त्यांनी गिळलं.

"त्यांना काय इचारता, मला इचारा," पदर पिळत माय म्हणाली. "तीन वर्सं न्हाई नेत. बिलकुल न्हाई." ताई तिच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली.

फळ्या परत बसवायच्या आधी मायनं मला काठावर ओढलं. "घाल हात. जल्दी." मी कोपरापर्यंत दोन्ही हात घातले. कुणी ओरडलं नाही. मग मायनंही घातले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

राजूरला गाडी थांबली तेव्हा काका वाटच बघत होते. "काय वहिनी, करायचं का मंग पोरीचं?"

"आमच्या पोरीचं झालंय," माय म्हणाली.

गाडी हलली. काका पाना घेऊन चार पावलं पळाले. "झालं? कुठं? कुणासंगं?"

मायनं ओल्या पदरानं डोळे पुसले, खिडकी पुरती उघडली आणि बाबांना म्हणाली, "तुमचा मैल आला की सांगा. मला बी बघायचाय."