नांगी नसलेली म्हातारी

ज्योत्स्ना गेली चार वर्षे आमच्या जठारपेठेतील घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. ती मूळची पातूरची. अमरावतीला संगणकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि आता एका कंपनीसाठी ती घरी बसून व्हिडिओ गेममधील प्राणी तयार करते. ‘प्राणी तयार करते’ हे वाक्य प्राणिशास्त्राचा अध्यापक असूनही मी निमूटपणे लिहितो आहे. बावीस वर्षे तासिका तत्त्वावर शिकवूनही एखाद्या प्राण्याविषयी माझे मत जाणून घ्यावे, असे कोणत्याही प्राचार्यांना, संस्थाचालकांना किंवा विद्यार्थ्यांना वाटले नाही. या मुलीला वाटले.

तिच्या गेममध्ये एक दूरचा ग्रह आहे. त्यावर एकटा प्रवासी उतरतो आणि तेथे जे जे हलते ते त्याच्या जिवावर उठते. आकाश अगदीच रिकामे दिसू नये म्हणून कंपनीने ज्योत्स्नाला एक निरुपद्रवी उडणारा जीव करावयास सांगितले. तिने म्हातारी केली. रुईचे बोंड उकलले की रेशमासारख्या तंतूंचा झुबका वाऱ्यावर तरंगत जातो, त्याला आपल्याकडची मुले म्हातारी म्हणतात, तीच ही. आकाराने तळहाताएवढी, अंग पारदर्शक, भोवती चंदेरी तंतू. तोंड नाही, नखे नाहीत, नांगी नाही. प्रवासी दिसला की ती तरंगत त्याच्याजवळ येते, हातावर विसावते आणि फुंकर घातली की पुढे जाते. पातूरला लहानपणी हाच नियम होता. हाती आलेली म्हातारी फुंकर घालून पुढे पाठवायची. मुठीत दाबून ठेवणाऱ्याला खेळातून बाहेर काढत.

कंपनीने हा भाग चाळीस जणांना खेळून पाहण्यासाठी दिला. चाळीसही जणांनी म्हातारीला गोळी घातली. एकाने अभिप्रायात लिहिले, ‘चावण्याच्या आत मारली.’ बुधवारी कंपनीचा निरोप आला: सोमवारपर्यंत या जीवाला नांगी द्या, म्हणजे मारणाऱ्याला मारल्याचे समाधान तरी मिळेल; अन्यथा तो काढून टाका.

तो निरोप घेऊन ती खाली आली.

“सर, तुम्ही निवेदनं लिहिता नं? मले एक लिहून द्या. इंग्रजीत. कडक लिहा, पण मले कामावरून काढतीन इतकं कडक नका लिहू.”

मी निवेदने लिहितो, हे खरे आहे. रस्त्यासाठी, नळासाठी, माझ्या स्वतःच्या नेमणुकीसाठी मी आजवर असंख्य निवेदने लिहिली. त्यांपैकी एकाचेही उत्तर आलेले नाही. तरीही ती अचूक होती, याबद्दल मला शंका नाही. मी होकार दिला.

“पण आधी तिले पाहून तर घ्या,” असे म्हणून ती मला वर घेऊन गेली.

कोणती कळ चालण्याची आणि कोणती बंदुकीची, ते तिने समजावले. मी प्रवाशाला त्या राखाडी मैदानात चालवू लागलो. इतक्यात काहीतरी पांढरे सरळ चेहऱ्याच्या रोखाने आले आणि मी कळ दाबली. दुसऱ्यांदा आले, पुन्हा दाबली. तिसऱ्यांदाही. येणारी वस्तू कोणती हे मला पूर्ण ठाऊक असताना हे घडले, ही गोष्ट मी येथे नोंदवून ठेवतो.

“सर, तुम्हीबी?” एवढेच ती म्हणाली.

शनिवारी निवेदन तयार झाले. त्यात अकरा मुद्दे होते आणि निरुपद्रवी जीवांच्या निसर्गातील स्थानाविषयी एक स्वतंत्र परिशिष्ट. ते वाचून दाखवायला मी वर गेलो, तेव्हा ज्योत्स्नाची आई केशरबाई पातूरहून वाळवणाचे डबे घेऊन आलेली होती. मुद्दा वाचून तो मराठीत समजावण्याचा माझा क्रम तिने चार मुद्द्यांपर्यंत सहन केला.

“काहून मारून राह्यले ते इले?” तिने पडद्यावरच्या म्हातारीकडे बोट दाखवत लेकीला विचारले. “इनं काय केलं कोनाचं?”

“अंगावर येते म्हणून मारतात, आई. गेममधी अंगावर येनारं सगळं वैरीच असते.”

“आन् मास्तर, तुमी?”

“मीही मारली,” मी म्हणालो. मी मास्तर नसून अध्यापक आहे, हा खुलासा त्या क्षणी मला करवला नाही.

“बाप्पा! इतकं शिकून?” असे म्हणत केशरबाईने लेकीजवळच्या, गेम खेळायच्या कंट्रोलरकडे हात पुढे केला. “आन तो रिमोट इकडं.”

तिला एकही कळ ठाऊक नव्हती, त्यामुळे प्रवासी नुसता उभा राहिला. दुरून म्हातारी आली, तरंगली, त्याच्या हातावर विसावली. केशरबाईने पडद्याजवळ तोंड नेऊन खरीखुरी फुंकर घातली. ज्योत्स्नाने हसत बाजूने फुंकरीची कळ दाबली, तेव्हा म्हातारी उडाली.

“आमी कदी धावलो नाई इच्या मागं,” केशरबाई म्हणाली. “धावलं का आपल्या हाताच्या वाऱ्यानंच ते दूर जाते. हात पसरून उभं राहा लागते. आन् काय वं ज्योत्स्ना, इले बी काहून नाई? बिगर बियाची म्हातारी जाईन कुठं?”

ज्योत्स्नाने पडद्यावर नुसत्या उभ्या असलेल्या प्रवाशावर बोट ठेवले. मग म्हणाली, “आई, मी म्हातारीचं येनं केलं, पन आपलं उभं राहनं करायचं विसरूनच गेली.”

चूक तिची होती आणि ती पातूरच्याच मुलीकडून व्हावी अशी होती. म्हातारी दिसताच माणूस थांबतो, हे तिने गृहीत धरले होते. तिच्या बालपणात थांबत नसे असे कोणी नव्हते.

रविवारचा संपूर्ण दिवस तिने त्या जीवाचे वर्तन बदलण्यात घालवला. आता प्रवासी चालू लागला की त्याच्याच वाऱ्याने म्हातारी दूर सरते. त्याने बंदूक उगारली की ती उंच निघून जाते. रिकाम्या हाताने तो स्थिर उभा राहिला, तरच जवळ येते. सोमवारी तिने हे पाठवले. माझे निवेदन पाठवले नाही.

गुरुवारी उत्तर आले. चाळिसांपैकी बहुतेकांचे म्हातारीकडे लक्षच गेले नव्हते. नऊ जणांनी गोळ्या झाडल्या, पण त्या लागल्या नाहीत. सात जण थांबले होते. त्यांतील एकाने लिहिले होते की, आपण बराच वेळ तेथेच उभे राहिलो; गेममधील कामगिरी अपुरी राहिली, तरी चालेल. कंपनीने दोनच शब्द कळवले: ‘राहू द्या.’ नांगीचा उल्लेख नव्हता.

“तुमचं निवेदन जपून ठेवलं, सर,” ज्योत्स्ना मला म्हणाली. “पुढं लागीन.”

अकरा मुद्द्यांनी जे साधले नसते, ते एका न शिकलेल्या बाईच्या उभे राहण्याने साधले, हे मान्य करणे मला सुखाचे नाही. तथापि ते मान्य करून मी पुन्हा वर गेलो आणि कंट्रोलर मागितला. पांढरे काही दूरवर दिसले. अंगठा सवयीने बंदुकीच्या कळेवर गेला. तो मी उचलून घेतला. बराच काळ काहीच झाले नाही. मग ती आली आणि हातावर विसावली. तंतूंच्या मध्यभागी एक चपटे तपकिरी बी होते.

फुंकरीची कळ कोणती, हे मी ज्योत्स्नाला विचारले.